खराब ब्लॉक वगळू नका, नोंदवा

माननीय संपादक,
स. न.

पेनड्राइव्हसारख्या उपकरणांत डेटा साठवणाऱ्या नॅन्ड फ्लॅश चिपमधील डेटा उतरवून घेताना खराब ब्लॉक, म्हणजे डेटा भरवशाने न टिकवणारे तिचे भाग, सर्रास गाळले जातात. २०४८ बाइटचे पान आणि ६४ पानांचा ब्लॉक असलेल्या चिपमध्ये असा एकच ब्लॉक गाळला, तरी पुढचा सगळा मुख्य डेटा १२८ किलोबाइटने अलीकडे सरकतो आणि मूळ पत्त्यांशी त्याचा मेळ उरत नाही. अशा एका प्रतीवर मी दोन रात्री घालवल्या आहेत. ब्लॉक खराब असल्याची कारखान्यातली खूण बहुधा त्या ब्लॉकच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पानाच्या राखीव, म्हणजे मुख्य डेटाव्यतिरिक्तच्या, बाइटांत असते. म्हणून राखीव बाइटांसह, खराब ब्लॉक जागच्या जागी ठेवूनच प्रत घ्यावी आणि त्यांचे क्रमांक वेगळे लिहून ठेवावेत. मूळ चिप मात्र कदापि पुसू नये. पुसताना ती खूणही जाऊ शकते आणि मग ती परत मिळत नाही.

– एक वाचक