रविवारचा लाँग रन

ती. आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर, झोपही होते. आई, गुडघा दुखत नाहीये, हे आधीच लिहितो म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

रविवारी ३२ किलोमीटर पळालो. शर्यतीआधीचा हा सगळ्यात मोठा लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव. ठरलं होतं किलोमीटरला सव्वासहा मिनिटं, म्हणजे ३ तास २० मिनिटं. झाला ३ तासांच्या आत! घड्याळच बिघडलं असेल म्हणून वाटेवरच्या किलोमीटरच्या खुणांशी ताडून पाहिलं, तर घड्याळ बरोबर.

बाबा, तुम्ही शाबास म्हणाल. इथे कुणी म्हणालं नाही. आमच्या पळणाऱ्यांच्या गटातले सगळे गप्प, आणि आमच्यातल्या वयाने मोठ्या बाई तर चक्क रागावल्या, "शर्यत आजच पळून टाकलीस का?" ही यांची रीत मला अजून पचलेली नाही. लांब पळायचं ते मुद्दाम हळू. किती हळू, तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागून वाक्य तुटलं की पेस, म्हणजे पळण्याचा वेग, कमी करायचा. म्हणून रविवारी पहाटे वीसेक माणसं घरच्या-दारच्या गप्पा हाणत पळत असतात. कारण विचारलं तर सांगतात, हळू पळाल्याने स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे अंगातला साखरेचा साठा, पुरवून वापरतं. ते ग्लायकोजन साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येतं आणि भल्याभल्यांचे पाय तिथेच जड होतात. शिवाय जोरात पळालं तर थकवा आठवडाभर अंगात राहतो. तुम्ही आम्हाला शिकवलंत की सरावात जोर लावा, परीक्षा सोपी जाते. इथे नेमकं उलटं.

पण मी जोर लावलाच नव्हता, खरंच. सगळा उन्हाळा उकाड्यात पळालो. तेव्हा अंग थंड ठेवायला बरंच रक्त कातडीकडे जायचं आणि हृदय उगाच धडधडायचं. रविवारी हवा ८ अंशांवर आली होती. तेच हृदय, तेच पाय, ठोके नेहमीपेक्षा कमी आणि पेस जास्त. शेवटचे पाच किलोमीटर तर सगळ्यात जलद गेले. गप्पा मारायला मात्र बरोबर कुणी उरलं नव्हतं.

तुमच्या शंकांबद्दल. रिकाम्या पोटी पळत नाही, वाटेत जेल, म्हणजे ताकदीसाठीचं साखरेचं घट्ट चाटण, घेतो. पाणी तहान लागेल तसंच पितो. आई, "भरपूर पी" म्हणतेस, पण पळताना अती पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, ते जास्त वाईट. अंधारात एकटा जात नाही. आणि गुडघे झिजतात हे काकांचं म्हणणं अभ्यासांत टिकलेलं नाही, हौशी पळणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा वाईट नसतात. आता तीन आठवडे पळणं कमी करत आणायचं आहे, म्हणजे तुम्ही निश्चिंत.

पळून झाल्यावर पहिला फोन तुम्हालाच लावणार होतो. मग वाटलं, ताईच्या सासरची माणसं बसली असतील, मध्येच माझं कुठे.

हॉलच्या आगाऊ रकमेचे पैसे सोमवारी पाठवलेत, उरलेले पुढच्या पगाराला. बाबा, एफडी मोडू नका. साखरपुड्याला येता येत नाही ते रजेमुळे, लग्नासाठी राखून ठेवली आहे. शर्यत त्याच आठवड्यात आली हा निव्वळ योगायोग. ताईला असंच सांगा, मीही सांगितलंय, पण तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. तिच्यासाठी वेगळे थोडे पाठवतोय, ते खर्चात धरू नका.

माझ्या स्थळाचं ताईचं लग्न झाल्यावर बघू. फोटो पाहिला, नाही म्हणत नाही. फक्त रविवारी पहाटे मी घरी नसतो, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

पैसे जमा झाले की कळवा.

तुमचा,
बाळू