डेलिलीला फवारा नको, पारख हवी

मा. संपादक,

पावसाळा आला की बागेच्या पुरवण्यांत डेलिली या फुलझाडावरच्या तांबेरा या बुरशीच्या रोगासाठी बुरशीनाशकांची नावं येतात. याबाबत थोडं लिहिते.

डेलिलीचं पान उलटून त्यावरून पांढरा टिश्यू पेपर फिरवा. कागद नारिंगी झाला की समजा तांबेरा आहे. मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, त्यामुळे आधी एक सांगते: हा तांबेरा द्राक्षावर किंवा गव्हावर जात नाही. अमेरिकेत तो २००० साली आढळला. कडाक्याच्या थंडीत पानं मरतात तिथे तोही मरतो. आपल्याकडे सदाहरित जातींची पानं बारा महिने हिरवी, म्हणजे त्याचीही सोय बारा महिने. पान पाच-सहा तास ओलं राहिलं तरी त्याला पुरतं, म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी मारू नये.

निफाडच्या संशोधन केंद्राने गव्हाचे 'त्र्यंबक', 'तपोवन' असे तांबेऱ्याला दाद न देणारे वाण दिले. तीच वाट फुलझाडांसाठी का धरू नये? ज्या झाडाची पानं पावसाळाभर स्वच्छ राहिली, त्याच्या फुलावर सकाळीच दुसऱ्या निरोगी झाडाचे पराग लावा. फूल एका दिवसाचं, उद्यावर टाकता येत नाही. २२ आणि ४४ गुणसूत्रांच्या जातींचं आपसात सहसा जमत नाही, तेवढं नर्सरीत विचारून घ्या. शेंग तडकू लागली की आतल्या काळ्या, चकचकीत बिया पेरा. रोपं जरा मोठी झाली की ती तांबेरा असलेल्या कुंडीला खेटून ठेवा, आणि फवारा अजिबात मारू नका. फवारलेल्या रोपाची ताकद कळणार कशी? जी रोपं पिवळी पडतील ती उपटायची, फूल कितीही देखणं असलं तरी. हे फार जिवावर येतं, पण केलंच पाहिजे.

या बुरशीचे प्रकारही अनेक आहेत. परदेशी कॅटलॉगात 'प्रतिकारक' छापलेली जात नाशिकच्या पावसात टिकेलच असं नाही. म्हणून नर्सरीवाल्यांना विनंती: नवा माल काही दिवस वेगळा ठेवा, आणि झाड फवारलेलं असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगा.

माझ्याकडे टिकलेल्या रोपांचे फुटवे मी हौशी मंडळींना मोफत देईन. अट एकच: एक पावसाळा बिनफवाऱ्याचा जाऊ द्यावा आणि पानं कशी राहिली ते मला कळवावं. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक