आई, आमटी रंगावरून सांग

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मीही लगेच 'बरं, येते' म्हणाले असते, म्हणून लिहितेय. मी चिपळूणला परत येत नाहीये. पुण्यातच राहीन आणि माझा स्वयंपाक मीच करीन.

डॉक्टरांना विचारलंय. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमायला शिकवणाऱ्या बाई, घरी येऊन ओटाही पाहून गेल्या. डोक्याला मार बसला तेव्हा नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे बारीक तंतू तुटले. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन घालतात. मला तो वासही येत नाही. म्हणून सिलिंडर परत केलं आणि इंडक्शन घेतलं, ते टायमरवर आपोआप बंद होतं. आईने दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, पण जपून ठेवलाय.

दोन्ही वेळा नीट जेवते, खरंच. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हाच सगळं करते, रात्री फक्त गरम करायचं. कुकर उतरल्याशिवाय भाजीला हात लावत नाही. आंबलेलं वासावरून कळत नाही, म्हणून उरलेल्या डब्यांवर तारीख लिहिते. क्रम मात्र सुटतो. परवा कणीक मळली आणि पुढे काय तेच आठवेना. भिंतीवरचा कागद वाचला, तवा ठेवला. तीन पोळ्या झाल्या. उरलेल्या गोळीची चानकी केली, आई, तू माझ्यासाठी करायचीस तेवढीच, आणि तूप-साखर लावून उभ्यानेच खाल्ली.

तू चार महिने सगळं हातात दिलंस म्हणून मी उभी राहिले. तुझं काही चुकलं नाही. पण ओट्याशी रोज मीच उभी राहिले तरच हे हातात परत बसेल.

बाबा, गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख बघा. रात्री रेग्युलेटर बंद करा. आईची बीपीची गोळी चुकवू देऊ नका. आणि बाजारापर्यंतच जायचं असलं तरी हेल्मेट घाला. मीही जवळच निघाले होते.

आई, मला तुझी आमटी करायचीय. तू 'खमंग वास सुटला की' म्हणतेस, तिथेच मी अडते. रंग सांग, आवाज सांग, मिनिटं सांग. मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच काम. आमसुलं अजून आहेत.

तुमची,
चिमी