पाच वीसचा तंबोरा

विश्रामबाग, सांगली
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाळ्या,

तुझा अ‍ॅम्प्लिफायर परत वाजायला लागला, ही बातमी आधी. होस्टेल सोडताना माझ्या हवाली केलास तोच. इतकी वर्षं माळ्यावर गोणपाटात गुंडाळून होता. दोन कपॅसिटर फुगले होते ते बदलले, आवाजाचं बटण साफ करून घेतलं. स्पीकरच्या कोनभोवतीचा फोम मात्र बोट लावताच भुगा होऊन पडला. इथल्याच एका कारागिराने नवा बसवून दिला. पैसे घेण्याआधी त्याने पंधरा मिनिटं गाणं लावून स्वतः ऐकलं, मग मान हलवली. अशी माणसं अजून आहेत रे.

हे सगळं आईसाठी. सकाळी रिकाम्या पोटी तिची थायरॉइडची गोळी असते, म्हणून मोबाइलला गजर लावायचो. तो वाजला की ती दचकून उठायची आणि छातीवर हात ठेवून बसून राहायची. एकदा पलंगावरून उतरताना तोल गेला. लागलं नाही, पण त्या दिवशी मी ठरवलं, या घरात यापुढे कुणालाही दचकवून उठवायचं नाही.

आणि मग तू आठवलास. तू रेडिओ सहाच्या बराच आधी लावून ठेवायचास, १२५१ किलोहर्ट्झवर, सांगली केंद्र सुरू व्हायच्या आधीच. आधी नुसती सरसर यायची. झोपेत ती कधी सुरू झाली ते कळायचंच नाही. मग त्या सरसरीतून आकाशवाणीची ती धून उगवायची. शिवरंजनी रागातली ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या परदेशातून आलेल्या संगीतकाराने बांधली, हे मला फार उशिरा कळलं. धून संपेपर्यंत आपण जागे झालेलो असायचो, कुणी उठवलं असं वाटायचंच नाही. मला तेच परत हवं होतं.

गाणी वाजवायला रास्पबेरी पाय घेतला, पत्त्यातल्या पानाएवढा संगणक. गाणी त्याच्याच कार्डावर ठेवली, इंटरनेटच्या भरवशावर नाही. ठरल्या वेळी काम सुरू करणारी त्यातली सोय म्हणजे क्रॉन, तिच्यात वेळ लिहिली, पाच वीस. पहिल्या दिवशी सगळं घर उठून, चहा पिऊन, मी भाजी घेऊन आलो तरी काही वाजलं नाही. दहा पन्नासला एकदम सुरू झालं! घड्याळ ग्रीनविचच्या वेळेवर राहिलं होतं, साडेपाच तास मागे. ते सुधारलं.

खरा त्रास पुढे होता. अ‍ॅम्प्लिफायर दिवसरात्र चालू ठेवला तर नुसता बसून २० वॉट खातो, महिन्याला १४ युनिट. म्हणून टायमरवर टाकला. तर चालू होताना स्पीकरमधून ‘धप्प’ असा दणका. गाणं सुरू व्हायच्या आधीच आई उठून बसली! जुन्या यंत्रांत वीज येताच आतलं व्होल्टेज स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, तो धक्का सरळ कोनला बसतो. शेवटी स्पीकरच्या वायरीत एक रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, बसवला. तो पाच सेकंद थांबून मग जोडणी करतो. दणका गेला. या एका गोष्टीपायी तीन रविवार गेले, पण हेच सुटलं नसतं तर बाकी सगळं व्यर्थ होतं.

मग आवाज. दर मिनिटाला दोन-दोन टक्के वाढवत होतो, आणि पहिल्याच पायऱ्यांना आई दचके. कान बेरीज करत नाही, गुणाकार करतो. एक टक्क्याचे दोन झाले की ६ डेसिबलची उडी, पन्नासाचे एक्कावन्न झाले तर कळतही नाही. आता मिनिटाला २ डेसिबल, बारा मिनिटं.

आणि लाइट. या छोट्या संगणकात बॅटरीचं घड्याळ नसतं, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. रात्री दोन तास लाइट गेली आणि राउटर वेळेत उठला नाही, तर ते दोन तास मागे राहतं. बटणासेल टाकलेलं छोटं घड्याळ त्याला जोडलंय, वर्षाला फार तर मिनिटभर फरक पडतो. तरी पावणेसहाचा मोबाइलचा गजर ठेवलाय, माझ्या उशाखाली, कारण लाइटच नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर तरी काय करणार.

सुरुवातीला काय वाजावं यावर मी फार विचार केला. तुझी ती सरसर कुठून आणू? शेवटी हिचा तंबोरा काढला. मिरजेचाच, भोपळा मंगळवेढ्याकडचा. तारांना झणकार देणारी जव्हारी नुकतीच लावून आणली होती. रात्री पंखे बंद करून, खिडक्या लावून हिने वीस मिनिटं तो छेडला, मी रेकॉर्ड केला. पाच वीसला तो सुरू होतो, आणि कधी सुरू झाला हे आम्हा तिघांपैकी अजून एकालाही सांगता आलेलं नाही. त्याच्यावर मग देसकार, सकाळचा राग. स्वर रात्रीच्या भूप रागाचेच पाच, पण भूपात गंधार बोलतो, इथे धैवत. तोच रस्ता रात्री नि सकाळी वेगळा दिसावा तसं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या लोकांनी २०२० साली अभ्यास छापला होता: सुरेल गजराने उठणाऱ्यांनी उठल्यावरची सुस्ती कमी असल्याचं सांगितलं. आई म्हणते, “स्वयंपाकघरात कुणी जागं असल्यासारखं वाटतं.” मला तेवढं पुरे आहे.

आता कामाचं. तुझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट, आपण तुमच्या ओसरीवर भरलेली, ती तुझ्याकडेच आहे ना? पावसाळ्यात टेपला बुरशी धरते, आणि दुसरी प्रत नाही. माझ्या डेकचा बेल्ट नवा घातलाय. कुरिअरने पाठवू नकोस, तू स्वतः घेऊन ये. एका संध्याकाळी दोन्ही बाजू उतरवून घेऊ. रात्री इथेच झोप, आणि दुसऱ्या दिवशी पाच वीसला तंबोऱ्यानंतर देसकाराऐवजी काकूंचा आवाज लावू.

तुझा
आप्पा