बिऱ्हाड आवरायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

तात्पुरत्या कामासाठी परगावी जायचं ठरलं तेव्हा तिकडची राहायची सोय चटकन झाली. अडलं ते इथल्या भरल्या घरापाशी. काम वर्षभराचं, पण ते लांबेल की आधीच आटोपेल हे कोणी ठामपणे सांगत नव्हतं. अशा वेळी सामानाचं काय करायचं, हा प्रश्न माझ्यासारख्या कितीतरी जणांना पडतो. म्हणून तुमचे आभार चारचौघांत मानते आहे.

मी तुमच्याकडे आले ती एकच चौकशी घेऊन: जागा कुठे मिळेल? तुमची सगळी नोकरी बदल्यांची, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "तू तिकडे असताना यातलं काही लागलं, तर ते काढून कोण देणार?" त्या संध्याकाळी आपण घरातल्या एकेका वस्तूला हाच प्रश्न विचारत बसलो आणि सामानाच्या वाटण्या आपोआप होत गेल्या.

सोफा आणि पलंग कधीच तातडीने लागणार नव्हते. त्यांचा हिशेब तुम्ही कागदावर मांडलात: गोदामाचं महिन्याचं भाडं, बांधणी, नेण्या-आणण्याचा खर्च, आणि समोर त्याच वस्तूंना आज जुन्या म्हणून येणारी किंमत. काही महिन्यांतच भाडं त्या किमतीच्या पुढे जात होतं. दोन्ही विकले. घर तसंच कुलूप लावून ठेवायचा विचारही तिथेच संपला. नुसत्या भाड्याचा प्रश्न नव्हता. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर अनेक विमा पॉलिसी चोरीची किंवा पाणीगळतीची भरपाई नाकारतात, ही अट तुम्ही मला माझ्याच पॉलिसीत शोधायला लावलीत.

फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पुस्तकं गोदामात गेली. करारात काय पाहायचं तेही तुम्हीच सांगितलंत. विमा कोणाचा, मुदत वाढली तर भाडं किती, आपल्या माघारी दुसऱ्या कोणाला सामान काढता येईल का, आणि भाडं थकलं तर ते सामानाचं काय करणार. शेवटची अट मी एरवी वाचलीच नसती. थकबाकीपोटी सामान विकायचा अधिकार गोदामवाले करारात लिहून ठेवतात.

फ्रिज आधीच बंद करून, बर्फ वितळवून, आतून कोरडा पुसून, दार किंचित उघडं राहील असा उभा ठेवायला लावलात, नाहीतर आत बुरशी धरते. वॉशिंग मशीनच्या नळीतलं उरलेलं पाणी काढलं. घड्याळं आणि रिमोटमधले सेल काढले, कारण पडून राहिले की ते गळतात आणि वस्तूही खराब करतात. पुस्तकं लहान खोक्यांत भरली, म्हणजे खोकं उचलता येतं आणि तळही फाटत नाही. गादी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायला मात्र तुम्ही साफ नकार दिलात. आत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट हवी, म्हणून सुती चादर पुरे.

नातेवाइकांकडे सामान ठेवण्याबद्दल तुमचं मत मला फार पटलं. जागा देणारा माणूस स्वतःची खोली अडवून घेतो आणि संकोचाने बोलत नाही. म्हणून त्याला तारीख सांगायची, वस्तू वापरायची मोकळीक द्यायची आणि तारीख पुढे ढकलली गेली तर आपणहून फोन करायचा. चुलतभावाकडे टेबल ठेवताना मी हेच केलं. आज त्याची मुलगी त्यावर अभ्यास करते आणि आमच्यात अवघडलेपण नाही.

फोटो आणि आजीची पत्रं यांच्यापाशी तुम्ही थांबलात. एका बदलीत तुमच्या सासूबाईंची पत्रं ट्रंकेत ओलीने एकमेकांना चिकटली होती, हे तेव्हा सांगितलंत. ती पुन्हा सुटी झाली नाहीत. मग माझी पत्रं, फोटो आणि रोज न लागणारी कागदपत्रं तुम्ही स्वतःच्या कपाटात ठेवून घेतलीत, तीही बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या. अधूनमधून कपाट उघडून वारा लावत राहिलात. हे मी मागितलं नव्हतं, मागायचं धाडसही झालं नसतं.

काम खरंच लांबलं. मुदतवाढीच्या वेळी जुन्या नोकरीचं मूळ प्रमाणपत्र हवं झालं. यादीत पाहून मी फोनवर "चौथ्या क्रमांकाचं खोकं, निळी फाइल" एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते कुरिअरने रवाना केलंत. खोक्यांवर फक्त क्रमांक घालायचे आणि आतल्या वस्तूंची यादी फोटोंसकट आपल्याजवळ ठेवायची, हेही तुमचंच. यादीची एक प्रत तुमच्याकडे होती म्हणून तो कागद वेळेत पोहोचला आणि माझं काम टिकलं.

आता पुढच्या महिन्यात परत येते आहे. खोकी घेऊन जाईन. शिलाई मशीन मात्र न्यायचं नाही असं ठरवलंय. "पडून राहिलं तर गंजेल, मी चालवत राहीन" म्हणून तुम्ही ते घेतलंत, आणि तुमच्याकडे ते रोज चालतं. ते तुमच्याकडेच राहू द्या. नाही म्हणू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची