मूसच्या कातड्याची होडी

यलोनाइफ, कॅनडा
१४ डिसेंबर

प्रिय बाबल,

तुझा आवाज आला मोबाइलवर. तसाच बोलून उत्तर देणार होतो, पण सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही, म्हणून बसलोच लिहायला. बाहेर उणे ३४ आहे. सूर्य दहाच्या सुमारास वर येतो आणि तीनला निघतो. आपल्या पंचायतीतला क्लार्कसुद्धा याहून जास्त वेळ खुर्चीत असायचा. अशा दिवसांत जायचं कुठे, तर म्युझियममध्ये. फ्रेम लेक या तळ्याकाठी प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर आहे. तिथल्या छोट्या सभागृहात उत्तरेकडचे चित्रपट बघायला गेलो होतो.

पण आधी तुझं एक बक्षीस काढून घेतो. अकरावीच्या वादविवाद स्पर्धेत तू लेमिंगची गोष्ट ठोकली होतीस. उंदरासारखे ते प्राणी एकामागे एक धावत कड्यावरून समुद्रात जीव देतात, आपला समाजही तसाच, वगैरे. टाळ्या पडल्या, कप मिळाला. चित्रपटानंतर चहाला तोच विषय निघाला. जगाच्या डोक्यात हे चित्र घट्ट बसवलं ते डिस्नेच्या १९५८ च्या एका माहितीपटाने, आणि त्याला ऑस्करही मिळालं होतं! १९८२ मध्ये सीबीसी या इथल्या वाहिनीने त्याचं बिंग फोडलं. चित्रीकरण झालं कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, तेही लेमिंग राहतच नाहीत अशा भागात. प्राणी मॅनिटोबा या दुसऱ्या प्रांतातून विकत आणलेले. बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर त्यांना पळवलं, म्हणजे मूठभरांचा लोंढा दिसेल, आणि शेवटी कड्यावरून खाली ढकललं. खाली समुद्र नव्हता, नदी होती. तेव्हा कप परत कर.

लेमिंगने जीव दिला नाही, पण कॅरिबू मात्र खरंच गेले. डेने या इथल्या मूळ रहिवाशांचं सगळं जगणं ज्या हरणावर उभं होतं ते हे. बाथर्स्ट नावाचा कळप १९८६ मध्ये साडेचार लाखांवर होता, २०१८ च्या मोजणीत ८,२०० भरला. हा आकडा ऐकला तेव्हा शेजारच्या माणसाने हातातला कप खाली ठेवला. मीही पुढे काही विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आबांना वाचून दाखव.

चित्रपट होता एका होडीचा, १९८२ मधला, जेमतेम अर्ध्या तासाचा. गेब एचिनेल नावाचा म्हातारा मूसच्या कातड्याची होडी बांधतो. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर समज. डोंगरातले डेने थंडीभर वर शिकार करत, आणि वसंतात नदीवरचा बर्फ फुटला की बायकापोरं, कुत्री, फर, सुकं मांस असं सगळं बिऱ्हाड या होडीत घालून मॅकेंझी नदीकाठच्या व्यापारी ठाण्यावर उतरत. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा सांगाडा, त्याला खिळा एक नाही, सगळं चामड्याच्या वादीने बांधलेलं. त्यावर सहा ते दहा कातडी एकत्र शिवून ताणायची. शिवण बायकांची, दोरा म्हणजे त्याच जनावराची तात. आणि शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून झाडाची राळ आणि चरबी! आबा विचारतील, ‘खिळो नाय, मगे ती टिकता कशी?’ तर टिकवायची नसतेच रे. खाली पोचल्यावर ती उसवायची. कातड्याचे तंबू, पायातले जोडे. सांगाडा तिथेच सोडायचा. परतीची वाट चालत, पाठीवर ओझं, कुत्र्यांच्याही पाठीवर ओझं.

आणि गंमत बघ, चित्रपटात बांधलेली ती होडी आज त्याच इमारतीत ठेवलेली आहे. उसवण्यासाठी जन्मलेली वस्तू, तिला म्युझियमने कायमची मुक्कामाला ठेवलंय. मी आधी दोनदा तिच्यासमोरून गेलो होतो. तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी, एवढंच वाटलं होतं. त्या दिवशी बाहेर येऊन शिवणी मोजत उभा राहिलो, तर ही म्हणाली, घरी चला आता.

पण खरी नोंद वेगळीच. पुढच्या दोन रांगांत डेने मंडळी होती, आज्या, नातवंडं. मधे मधे ती खळखळून हसायची. पडद्यावर विनोदी काहीच नव्हतं, निदान मला दिसलं नाही. मला एकदम आपली जत्रा आठवली. पुण्याच्या पाहुण्यांना दशावतारी दहिकाल्याला घेऊन गेलो होतो, नाटकातल्या संकासुराने कोणाला तरी कोपरखळी मारली, सगळा मांड हसतोय आणि पाहुणे आपले नम्रपणे बसून. इथे पुण्याचा पाहुणा मी! हा चित्रपट काढला रेमंड याकेलेया यांनी, ते स्वतः डेने. १९२२ च्या त्या गाजलेल्या ‘नानूक’ माहितीपटात इनुइट या उत्तरेकडच्या मूळ जमातीतल्या माणसाला बंदूक बाजूला ठेवून भाल्याने शिकार करायला लावलं होतं, त्याचं खरं नावही नानूक नव्हतं, अलाकारियालक होतं. ते बघताना मला सगळं कळत होतं. माझ्यासारख्यासाठीच बनवलं होतं ना ते. होडीवाल्या चित्रपटात मी निम्म्या वेळी बाहेर होतो, आणि मला तोच जास्त आवडला. का ते नीट सांगता येत नाही.

आता काम. पावसाआधी आबा होडीच्या फटी भरायला बसतील, तेव्हा मोबाइल समोर ठेव आणि मधे बोलू नकोस. ‘हे बघा, आमचे आबा पारंपरिक पद्धतीने...’ असलं काही नको. बाजूला नाना बसून टोमणे मारत असतील ते सगळे येऊ देत. मला कळतील.

आणि कोकमाचं आगळ पाठवू नकोस. मागची बाटली वाटेत गोठून फुटली, पार्सलभर लाल. पोस्टातल्या बाईंनी हातमोजे घालून दिलं.

तुझा,
दादू