सभागृहात संमत झालेले विधेयक म्हणजे कायदा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तालुका न्यायालयात वकिली करते. जानेवारी २०२२ मध्ये एक बाई मुलीच्या छेडछाडीच्या फिर्यादीसंबंधी माझ्याकडे आल्या होत्या. फिर्याद देऊन दीड महिना उलटला होता आणि दोषारोपपत्र अजून दाखल झालेले नव्हते. त्यांनी पिशवीतून आधार कार्डाचे प्लॅस्टिकचे पाकीट काढले, त्यात चार घड्या घालून ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रण टेबलावर उलगडले आणि म्हणाल्या, “मॅडम, तीस दिवसांत तपास पुरा करायचा कायदा झालाय, मग आमचंच का थांबलंय?” कात्रणाच्या मथळ्यात शक्ती कायदा (महिला आणि बालकांवरील गुन्ह्यांसाठी जलद तपास व कडक शिक्षेचा) मंजूर झाल्याचे ठळक अक्षरांत छापलेले होते. ठाण्यातील हवालदाराने असा कायदा नसल्याचे सांगितले होते, आणि तो आपल्याला वाटेला लावतो आहे, असा त्यांचा समज झाला होता. हवालदाराचे म्हणणे खरे होते. ते त्यांच्या गळी उतरवणे मला फार जड गेले.

शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. २३ डिसेंबर २०२१ रोजी ते विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने संमत केले. परंतु त्यातील तरतुदी भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता या केंद्रीय कायद्यांत बदल करणाऱ्या असल्याने ते राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी राखून ठेवावे लागले. ती अनुमती मिळाली नाही आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. म्हणजे ज्या कायद्याच्या भरवशावर त्या बाई आल्या होत्या, तो कायदा कधी झालाच नाही.

महाराष्ट्राचे विधिमंडळ द्विसदनी आहे. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य. विधेयक एका सभागृहात पुरःस्थापित होते, म्हणजे मांडले जाते, त्याच्या तत्त्वावर चर्चा होते, मग एकेका खंडाचा, म्हणजे कलमाचा, विचार होऊन दुरुस्त्या मतास टाकल्या जातात आणि शेवटी तिसऱ्या वाचनाला ते संमत होते. हाच क्रम दुसऱ्या सभागृहात पुन्हा होतो. खंडशः विचाराची पायरी बातमीत सहसा येत नाही. वास्तविक एखादा ‘किंवा’ जाऊन तेथे ‘आणि’ आला तर आम्हा वकिलांचे वर्षभराचे युक्तिवाद बदलतात. दोन सभागृहांचे एकमत झाले नाही तर संसदेत संयुक्त बैठकीची सोय आहे. १९६१ साली हुंडा प्रतिबंधक कायदा त्याच मार्गाने झाला. राज्यांत ती सोय नाही. घटनेच्या अनुच्छेद १९७ नुसार परिषदेने विधेयक फेटाळले, विधानसभेला मान्य नसलेल्या दुरुस्त्यांसह संमत केले किंवा तीन महिन्यांहून अधिक काळ संमत केले नाही, तर विधानसभा ते पुन्हा संमत करून पाठवू शकते. त्यानंतर परिषदेला आणखी एकच महिना थांबवता येते, आणि मग ते दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचे मानले जाते. धन विधेयकासाठी, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकासाठी, तर परिषदेला चौदाच दिवस मिळतात.

ही मुदत सर्वांनी लक्षात ठेवावी असे मला वाटते, कारण जादूटोणाविरोधी विधेयकाच्या इतिहासात ती फार बोलकी आहे. ते डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने संमत केले आणि परिषदेत अडकले. विधानसभेने संमत केलेले आणि परिषदेपुढे प्रलंबित असलेले विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत, म्हणजे रद्द, होते, त्याप्रमाणे २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि तेही संपले. ‘परिषदेने अडवले’ असे त्या वेळी सरसकट म्हटले जाई व आजही म्हटले जाते. ते अपुरे आहे. अनुच्छेद १९७ चा मार्ग तीन वर्षांहून अधिक काळ मोकळा होता. तेच विधेयक विधानसभेत पुन्हा संमत करून परिषदेकडे धाडण्यास सरकारला कोणाची परवानगी लागत नव्हती. ते केले गेले नाही, याची जबाबदारी परिषदेवर टाकून मोकळे होता येणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, तेव्हा अवघ्या काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. जे काम २००६ सालीच होऊ शकले असते, त्याला एवढी किंमत मोजावी लागली, याची खंत मला आजही आहे. २००५ ते २००९ या काळात प्रत्येक अधिवेशनाच्या बातमीत ‘विधेयक परिषदेत प्रलंबित, विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते’ एवढी एक ओळ छापली गेली असती, तर लोकांनी आपापल्या आमदाराला जाब विचारला असता.

दोन्ही सभागृहांनंतर राज्यपालांची अनुमती लागते. राज्यपाल अनुमती देऊ शकतात, धन विधेयक नसेल तर अनुमती रोखून ते फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. अनुमतीनंतर विधेयकाचा अधिनियम, म्हणजे कायदा, होऊन तो राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि तेव्हाही तो लगेच लागू होतोच असे नाही, कारण पुष्कळ अधिनियमांत ‘शासन अधिसूचनेद्वारे नेमील त्या दिनांकास’ असे पहिल्याच कलमात म्हटलेले असते. आपला रोजगार हमी अधिनियम नावाने १९७७ चा आहे आणि अंमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. (त्या योजनेचे जनक वि. स. पागे हे विधान परिषदेचेच सभापती होते, हे परिषदेला निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

विधिमंडळाची बातमी रात्री उशिरा, धावपळीत लिहिली जाते आणि मथळ्याला जागा थोडी असते, याची मला कल्पना आहे. तरीही आपणास विनंती आहे की, राजपत्रात प्रसिद्ध होईपर्यंत ‘कायदा’ हा शब्द मथळ्यात वापरू नये, ‘विधेयक’च म्हणावे. शिवाय प्रत्येक बातमीच्या शेवटी ते कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणारी एक ओळ द्यावी. उदाहरणार्थ, ‘विधानसभेत संमत, परिषदेत मांडणे बाकी’ किंवा ‘दोन्ही सभागृहांत संमत, राष्ट्रपतींची अनुमती बाकी’. ही दुसरी ओळ त्या कात्रणात असती, तर त्या बाई ठाण्यात हवालदाराशी भांडत बसल्या नसत्या. त्या दिवशी लागू असलेल्या कायद्याप्रमाणे वरिष्ठांकडे लेखी अर्ज द्यायला त्या माझ्याकडे पंधरा दिवस आधी आल्या असत्या. येत्या अधिवेशनापासून आपल्या दैनिकात ही ओळ सुरू करता येईल का, हे कळवावे.

आपली नियमित वाचक,
एक वकील, तालुका न्यायालय